सर्जेरावांचे बदाम

शनिवार, दिनांक १४ फेब्रुवारी २०२६. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली असताना माझ्या दाराची घंटी दोनदा वाजली.

आमच्या कॉलनीत घंटी दोनदा वाजवणारे गृहस्थ एकच. सर्जेराव हयातभर एसटीचे चालक होते, आणि कंडक्टरने दोनदा घंटी दिल्याखेरीज गाडी हलवायची नाही हा नियम त्यांच्या हाडांत मुरला आहे. निवृत्तीनंतर तो त्यांनी सर्व व्यवहारांस लागू केला. त्यांच्या स्कूटरवर मागे बसणाऱ्याने सीटवर दोन थापा मारल्याशिवाय स्कूटर निघत नाही. एकदा मी थापा मारण्यास नकार दिला. आम्ही दोघे भर चौकात, चालू इंजिनावर, तसेच बसून राहिलो. मागे रिक्षावाले आमच्या पूर्वजांची चौकशी करू लागले. सर्जेराव मान न वळवता म्हणाले, "डबल बेल झाल्याबिगर गाडी हालत न्हाय, साहेब." अखेर मी थापा मारल्या.

दार उघडले. सर्जेराव उभे होते. अंगात एसटीचा जुना खाकी शर्ट, त्यावर सुनेने मागे सोडलेला फुलाफुलांचा एप्रन, आणि हातात बदामाच्या आकाराचा पत्र्याचा साचा. मिशीला मैदा लागलेला होता.

"साहेब, फेरी निघाली," ते म्हणाले. "हिच्यापाशी बसा जरा. मी भट्टीवर जाऊन आलो."

"यंदासुद्धा?" मी विचारले. "घरात ही परिस्थिती असताना?"

"परिस्थितीसाठीच की. सोमवारी नळी घालूया म्हणत्यात डॉक्टर. आज बदाम खाल्ला तर कशाला लागतीया नळी? दर साली खातीया ती."

मी चपला घातल्या. पण पुढचे सांगण्याआधी बदामांचे सांगितले पाहिजे.

सर्जेरावांच्या सुनेने पूर्वी केक आणि बिस्किटे करण्याचा एक वर्ग लावला होता. साचे आणले, रंगांच्या बाटल्या आणल्या, पिठीसाखरेचे पुडे आणले. पुढे मुलाची बदली पुण्याला झाली. सून गेली, सामान राहिले. वापरायची वस्तू पडून राहिलेली सर्जेरावांना सहन होत नाही. त्यांनी साचा उलटसुलट करून पाहिला. पत्त्यांतला बदाम त्यांनी ओळखला. सुनेला फोन लावून त्यांनी कृती विचारली आणि हे कधी करतात तेही विचारले. तिने चौदा फेब्रुवारी सांगितले. तरुण मुलेमुली त्या दिवशी एकमेकांना गुलाब आणि असे बदाम देतात, म्हणाली.

सर्जेरावांना ते तत्काळ पटले. "संक्रांत चौदालाच, हेबी चौदालाच," ते मला म्हणाले. "जानेवारीत तिळगूळ द्यायचा, फेब्रुवारीत बिस्कीट द्यायचं. तरण्या पोरांनीच का म्हणून? आमच्यात काय कमी हाय?"

त्या दिवसापासून कॉलनीत चौदा तारखेचा सण सुरू झाला.

घरच्या ओव्हनवर त्यांचा विश्वास नाही. दिवाळीआधी आपल्याकडे बायका रवा, तूप, साखर डब्यांतून घेऊन भट्टीवर जातात आणि नानकटाई भाजून आणतात. सर्जेरावांनी तीच वहिवाट धरली. लोणी आणि पिठीसाखर फेसून मैद्यात मळायची, पोळपाटावर लाटायची, साच्याने बदाम कापायचे आणि भट्टीच्या पत्र्यांवर मांडून पेठेतल्या शब्बीरभाईंकडे न्यायचे. पत्रे आदल्या संध्याकाळीच ते आणून ठेवतात. भट्टीच्या तोंडाशी उभे राहून ते शब्बीरभाईंना दिशा दाखवतात. "येऊ द्या, येऊ द्या, उजवीकडं घ्या, बस्स." पत्रा आत गेला की भट्टीच्या कडेवर दोनदा वाजवतात. शब्बीरभाई पहिल्या वर्षी म्हणाले होते, "सर्जेराव, ही भट्टी माझ्या आजोबांच्या हातची हाय. तिला घंटी लागत न्हाय." दुसऱ्या वर्षी ते स्वतःच वाजवू लागले.

बिस्कीट गार झाले की रंगकाम. पिठीसाखरेत लिंबाचा रस आणि रंग कालवून ते दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरतात आणि पिशवीचा कोपरा कातरतात. रंग गुलाबी असावा असे सुनेने सांगितले होते. सर्जेरावांना गुलाबी म्हणजे गुलाल एवढेच ठाऊक. पहिल्या वर्षी कॉलनीतली सारी मुले जोतिबाच्या यात्रेहून आल्यासारखी तोंडे घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापकांचा फोन आला.

मग त्यावर पांढऱ्या साखरेने नावे. अक्षर गाडीच्या पाटीवरचे, ठसठशीत, शिरोरेघ जाड. नवऱ्याचे नाव, आडवी रेघ, बायकोचे नाव, आणि खाली गाडीचा प्रकार. नव्या जोडप्याला ‘विनाथांबा’. जाधव पतिपत्नी एकमेकांशी फारसे बोलत नाहीत; त्यांना ‘साधी, सर्व थांबे’. ज्या बाईंचे यजमान आखातात नोकरीला आहेत त्यांना ‘लांब पल्ला’. एके वर्षी कोपऱ्यावरच्या घरातील मुलीचे आणि समोरच्या इमारतीतील मुलाचे नाव एकाच बदामावर लिहून त्यांनी तो मुलीच्या वडिलांच्या हातात दिला. वडील तो बदाम घेऊन थरथरत त्यांच्या दारात आले. सर्जेराव म्हणाले, "मी फकस्त पाटी लावली, पावणं. गाडी तुमच्या घरातनंच सुटलीया." पुढील हिवाळ्यात लग्न झाले. श्रेय कोणाचे यावर दोन्ही घरांत अद्याप एकमत नाही.

मी विधुर आहे. माझ्या बदामावर पहिल्या वर्षी माझे एकट्याचे नाव होते आणि खाली लिहिले होते, ‘परत आगाराकडे’. मी तो घेतला. आभार मानल्याचे स्मरत नाही.

स्वतः सर्जेरावांनी आपला एकही बदाम कधी चाखला नव्हता. त्यांना मधुमेह आहे. कोणी आग्रह केला तर म्हणत, "मी ड्रायव्हर. सहलीला प्याशिंजर जातो."

त्यांचा परीक्षक घरात होता. सर्जेराव सगळे बदाम वाटून रिकामा पत्रा घेऊन परत आले की सुलोचनावहिनी हात पुसून बाहेर येत. शेवटचा बदाम त्यांचा असे. त्यावर ‘सुलोचना – सर्जेराव’ एवढेच. गाडीचा प्रकार लिहिलेला नसे. मी एकदा कारण विचारले तेव्हा सर्जेराव म्हणाले, "ही ब्रेकडाऊन व्हॅन. सगळ्यांच्या मागनं जातीया, समद्यास्नी वडून आणतीया." वहिनी तो बदाम उभ्यानेच खात आणि दर वर्षी एकच निकाल देत, "साखर जास्त झालीया." सर्जेरावांचा सण तेव्हा संपे.

वहिनी पेठ वडगावच्या. घरात कोणाच्याही आधी त्या जेवल्याचे मी पाहिलेले नाही. सर्जेरावांची रात्रीची गाडी उशिरा आली तरी त्या थांबत. पाहुणा असेल तर पाहुणा, मग यजमान, मग मुलगा, मग त्या. तशीच त्यांची शिकवण होती आणि तसाच त्यांचा स्वभाव होता.

दोन वर्षांपूर्वी त्या विसरू लागल्या. आधी मिठाचा डबा, मग दिवस, मग मुलाचे नाव. मला त्या ओळखत राहिल्या; अजूनही ‘भाऊजी’ म्हणतात. सर्जेरावांना मात्र ओळखेनाशा झाल्या. एका सकाळी त्यांनी पदर सावरला आणि नवऱ्याला विचारले, "कुठलं म्हणायचं पावणं?"

कॉलनी आरंभी हसली. मीही हसलो असेन. प्रसंग होतेच तसे. वहिनी दबक्या आवाजात मला सांगत, "भाऊजी, हे पावणं लई दिस झालं, जाईनात. मालक घरात न्हाईत. बरं दिसतंय का हे?" आणि आतून सर्जेराव गाडीच्या टपावरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत, "मी पावणा न्हाय! ह्या घराचा मालक हाय! हा बघ आपला लग्नातला फोटू!" वहिनी फोटो पाहत. "ह्यो आमचं मालक," असे मान्य करीत. मग फोटोकडून सर्जेरावांच्या पांढऱ्या मिशीकडे बघत आणि विनयाने म्हणत, "तुमी त्यांच्या नात्यातलं का?"

सर्जेराव रोज हा खटला चालवीत आणि रोज हरत. मी जिल्हा न्यायालयात नोकरी केली. एवढा भक्कम पुरावा असलेला आणि असा निकाल लागलेला दावा माझ्या पाहण्यात नाही.

संक्रांतीनंतर वहिनींनी जेवण सोडले. ताट पुढे आले की हात जोडून बसत. दिवसाकाठी वाटीभर पेज पोटात जाई, तीही अर्धी सांडलेली. सर्जेराव सकाळ-संध्याकाळ ताट घेऊन समोर बसत. स्वतः खात नसत; तिची पेज झाली की उरलेली आत जाऊन पीत, तेवढीच. मी त्यांना त्याबद्दल बोललो. ते म्हणाले, "साहेब, जल्मभर हिनं माझ्या मागनं खाल्लं. थंडगार झालेलं खाल्लं. आता हिनं आधी खायचं. ही जेवल्याबिगर मी घास घेणार न्हाय." त्यांचा खाकी शर्ट खांद्यांवरून उतरू लागला होता. डॉक्टरांनी सोमवारपर्यंत वाट पाहू म्हणून सांगितले होते. त्यानंतर नाकातून नळी. सर्जेरावांना ती नळी नको होती. "तोंड हाय की तिला," एवढेच ते म्हणत.

तर मी वहिनींजवळ जाऊन बसलो. सर्जेरावांनी जाताना दोन कप चहा ठेवला होता.

"च्या घ्या की, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"मी बाहेर चहा घेत नाही," मी म्हणालो. ती माझी सवय आहे. त्यांनीही आपला कप उचलला नाही. दोन्ही कपांवर साय धरली.

काही वेळाने त्या म्हणाल्या, "कायतरी चुकलं असंल आमचं."

"कशात?"

"पावणं काय खाईनात. रोज ताट घिऊन बसत्यात आन् खाईनात. माझ्याकडं बगत बसत्यात. मालकास्नी कळलं तर काय म्हणतील? घरात आलेलं माणूस उपाशी ठेवलं म्हणतील."

मी "होईल सारे ठीक" असे काहीतरी म्हणालो. आजारी माणसाचे बोलणे म्हणून सोडून दिले.

साडेआठच्या सुमारास सर्जेराव पत्रे घेऊन परतले. घरभर भाजलेल्या लोण्याचा वास पसरला. यंदा पत्रे दोनच होते. त्यांनी कॉलनीसाठी नेहमीसारखे केले नव्हते. बदाम साधेच ठेवले होते, वर काही लिहिलेले नव्हते. फक्त एकावर गुलाली साखरेचा थर दिला. तो वाळेपर्यंत एप्रनला हात पुसत उभे राहिले. मग पांढऱ्या साखरेची पिशवी उचलली. ‘सुलोचना’ नीट आले. ‘सर्जेराव’मधला रफार जरा कलला.

"गाडीचा प्रकार?" मी विचारले.

"असू दे तसंच."

त्यांनी बदाम बशीत घालून वहिनींसमोर धरला. वहिनींनी बशी मांडीवर घेतली आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवून वाचू लागल्या.

"सु-लो-च-ना." मान हलली. "माझं नाव हाय."

बोट रेघेवरून पुढे सरकले. दुसऱ्या नावाशी येऊन थांबले. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. त्या लाजल्या.

"वाच की फुडं," सर्जेराव म्हणाले.

"नगं. ते नाव घ्यायचं नसतं."

"का?"

"आमच्या मालकांचं हाय."

मी सर्जेरावांकडे पाहिले. आता खटला सुरू होणार असे मला वाटले. त्यांनी तोंड उघडलेही. पण आवाज आला तो निराळाच, खालचा.

"कुठं हाईत तुझं मालक?"

"ड्युटीवर गेल्यात. गडहिंग्लजची मुक्कामी गाडी हाय. उद्या येत्यात."

सर्जेराव बशीकडे बोट करून म्हणाले, "बरं. खा आता."

"तुमी घ्या आधी, पावणं."

"आधी तू."

वहिनींनी बशी बाजूला ठेवली आणि हात जोडले. महिनाभर ताटापुढे जोडत होत्या तसेच.

तेव्हा माझ्या ध्यानात आले. एका खोलीत दोन माणसे समोरासमोर बसली होती. तो म्हणत होता, तिने खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही. ती म्हणत होती, पाहुण्याने खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही. महिनाभर दोघेही अर्धपोटी होते, आणि दोघेही एकमेकांचा मान राखत होते.

"सर्जेराव, तुम्ही खा," मी म्हणालो.

"मला साखर चालत न्हाय, ठाव हाय की तुमास्नी."

"एका बदामाने काही होत नाही. खा."

"साहेब, मी सांगितलंय न्हवं? यंदापास्नं हिनं आधी—"

"ते त्यांना या जन्मी जमणार नाही. त्यांच्या घरात पाहुणा उपाशी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग वहिनींच्या जोडलेल्या हातांकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. त्यांना समजले, आणि त्यापुढचेही समजले, हे मला दिसले. तिने जेवायचे असेल तर यापुढे या घरात त्यांनी मालक असून चालणार नव्हते.

पत्र्यावरचा एक साधा बदाम त्यांनी उचलला आणि तोंडात घातला. वहिनी निरखून पाहत होत्या. घास चावला जाईपर्यंत, गिळला जाईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

"आणि एक घ्या," त्या म्हणाल्या.

सर्जेरावांनी आणखी एक घेतला.

मग वहिनींनी बशी पुन्हा मांडीवर ओढली. आपला बदाम दोन्ही हातांत धरला आणि रेघेवर बरोबर मोडला. स्वतःच्या नावाचा अर्धा भाग त्यांनी खाल्ला, सावकाश, कण न सांडता. दुसरा अर्धा बशीत परत ठेवला.

"ह्यो का ठेवला?" सर्जेरावांनी विचारले.

"मालकास्नी. उद्या आलं की देते." मग पाहुण्याकडे वळून त्या संकोचाने म्हणाल्या, "साखर जास्त झालीया. राग मानू नका. आमच्या मालकांचा हात जरा सैल हाय."

सर्जेराव तोंडातला घास किती तरी वेळ चावत राहिले.

दुपारी भात आणि आमटी झाली. सर्जेरावांना मी पाटावर बसवले. ताट त्यांच्यापुढे आधी वाढले. ते जेवले. पाहुणा जेवतो तसे, बेताने, मान खाली घालून. त्यांच्यामागून वहिनी जेवल्या. भात थोडाच खाल्ला, पण स्वतःच्या हाताने. जेवण झाल्यावर त्यांनी पाहुण्याची विचारपूस केली.

"कुठलं म्हणायचं पावणं?"

एरवी या प्रश्नाला भिंती हादरत. सर्जेरावांनी मिशीवरचा मैदा पुसला.

"गडहिंग्लजचा," ते म्हणाले.

"लांब हाय की. आता कुठं जातासा उन्हाचं? मुक्काम करा."

"करतो," सर्जेराव म्हणाले.

उरलेले साधे बदाम मी डब्यात भरून कॉलनीत वाटले. कोणाच्याच नावाची पाटी नव्हती. पत्रे उलथन्याने खरवडून, पुसून भट्टीवर पोचवले. शब्बीरभाईंनी विचारले, "खाल्लं का वहिनींनी?" मी होय म्हणालो. त्यांनी भट्टीच्या कडेवर दोनदा वाजवले आणि आत गेले.

परत आलो तेव्हा वहिनी झोपल्या होत्या. सर्जेराव त्यांच्या उशाशी खुर्चीवर बसले होते, पाहुण्याने बसावे तसे, कडेला. बशीतला अर्धा बदाम टेबलावर उघडाच होता आणि एक मुंगी कडेने वर चढत होती. मी ती फुंकरीने उडवली. परातीत पाणी ओतले, मधोमध एक वाटी पालथी घातली, तीवर बशी ठेवली आणि बशीवर झाकण घातले.